पुरे म्हणेपर्यंत वाढणाऱ्या नलिनीताई

विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात घालून नलिनीताई भाजीच्या दुकानात कोथिंबीर निवडत होत्या. शनिवार होता, विद्यापीठ बंद. माझी नजर कार्डावर गेली तशा त्या म्हणाल्या, "काढायचं राहिलंच बघा, बाई."

राहिलं नव्हतं. फोटो बाहेरच्या बाजूला येईल अशी दोरी नीट वळवलेली होती. मला फार बरं वाटलं. साठीच्या उंबरठ्यावर माणसाला पहिल्यांदा पगाराची नोकरी लागली, तर ती त्याने शनिवारीही गळ्यात मिरवावी.

आमच्या ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या मराठी मंडळींत नलिनी मेश्राम हे नाव माहीत नाही असं घर नाही. नवरा सुखदेव पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिशियन. वीसेक वर्षांपूर्वी दोघं नागपूरहून आली आणि फेअरी मेडोमध्ये माझ्या मुलाच्या शेजारी स्थिरावली. विद्यापीठात नवीन येणारी मराठी मुलं आपल्या खोलीत सामान लावतात ते नलिनीताईंच्या टेबलावर जेवून झाल्यावर. वाढण्याची त्यांची एक रीत आहे. त्या विचारत नाहीत. डाव घेऊन तुमच्या डाव्या खांद्याशी उभ्या राहतात, तुम्ही बोलण्यात गुंतलात की वाढतात. ताटावर आडवा हात धरलात तर बोटांच्या फटीतून वाढतात. पहिलं "पुरे" त्यांना ऐकू येत नाही. दुसरं त्यांना लाजणं वाटतं. तिसऱ्याला त्या म्हणतात, "बरं, हा शेवटचा," आणि तो शेवटचा नसतो.

म्हणूनच नोकरीच्या आधी एके दिवशी त्यांच्या घरी जे घडलं ते त्यांना इतकं लागलं.

सुखदेवभाऊंना बारा-तेरा वर्षांपासून डायबेटिस, आणि पोट शर्टाच्या बटणांशी कायम भांडणात. डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायचं ते नवं इंजेक्शन सुरू केलं. काही आठवड्यांनी, भरली वांगी आणि भाकरी समोर असताना, सुखदेवभाऊंनी अर्ध्यातच ताट थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "पुरे."

"मीठ जास्त पडलं का?"

"नाही गं. पोट भरलं."

"कोणाचं?" नलिनीताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. "लग्न झाल्यापासून हा माणूस पुरे म्हणाला नाही, बाई. बाहेर कोणाच्या हातचं खाऊन राहिले का, असंही येऊन गेलं मनात. विचारलंसुद्धा. तर हसून राहिले."

चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम आम्ही कम्युनिटी हॉलमध्ये करतो. तिथे पुण्याची यामिनी टिपणीस आली होती. ही तरुण मुलगी विद्यापीठात डायबेटिसवर संशोधन करते. बोलायला सरळ, जेवायला चांगली, म्हणून नलिनीताईंची आवडती. तिच्या ताटात दुसऱ्यांदा पुलाव घालताना नलिनीताईंनी तिला गाठलं. "त्या इंजेक्शनात असतं तरी काय गं? माझा नवरा बदलला."

"काकू, ती आपल्याच शरीरातल्या एका हार्मोनची नक्कल आहे," यामिनी म्हणाली. "जीएलपी-वन म्हणतात. अमिनो आम्लांची एवढीशी साखळी, पेप्टाइड. आपण जेवलो की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ती रक्तात सोडतात. मग ती निरोप देत फिरते. स्वादुपिंडाला सांगते, साखर येतेय, इन्सुलिन सोडा. यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करायला लावते. जठराला सांगते, घाई नको, सावकाश सोडा. आणि मेंदूला सांगते, पुरे."

नलिनीताईंचा डाव हवेत थांबला. "म्हणजे पुरे ते हार्मोन म्हणतं? हे नाही?"

"दोघं मिळून म्हणतात."

"आणि इतकी वर्षं काय झोपलं होतं?"

यामिनी हसली. "वजन जास्त असलं, डायबेटिस असला, की बऱ्याच जणांत त्याचा आवाज बारीक होतो. शिवाय ते रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं, लगेच मोडतं. इंजेक्शनमधलं मुद्दाम थोडं बदललेलं असतं, म्हणून आठवडाभर टिकतं."

"मीठ बरोबर होतं म्हणजे," नलिनीताई म्हणाल्या. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली असणार.

त्याच संभाषणातून नोकरी निघाली. यामिनीला एक साधी गोष्ट तपासायची होती: इंजेक्शन न घेता, नुसत्या जेवणाच्या क्रमाने हा बारीक आवाज मोठा करता येतो का? आधी भाजी, उसळ, कोशिंबीर आणि शेवटी भात असं जेवलं तर? पाव आणि चिकन घेऊन अशा चाचण्या इतरांनी केल्या होत्या. पण आपल्याकडे पान वाढलं की पहिला मान वरण-भाताचा, वर तूप, लिंबू. यामिनीला आपलं ताट तपासायचं होतं आणि त्यासाठी रोज तंतोतंत तेच ताट रांधणारं माणूस हवं होतं. तिने नलिनीताईंना विचारलं. इंजेक्शन न घेणारे डायबेटिसवाले मराठी लोकही हवे होते. त्यांत मी नाव दिलं.

प्रत्येकाने उपाशीपोटी दोनदा यायचं. एकदा भात आधी, एकदा भात शेवटी. ताट तेच, वजन तेच, ताट पूर्ण संपवायचं. मग दर अर्ध्या तासाला ट्रेसी नावाची नर्स दंडातून रक्त घेणार. ट्रेसी इथलीच, वडील पोर्ट केम्बलाच्या भट्टीवर काम केलेले. हात हलका, बोलणं मोठं, सगळ्यांना "लव्ह" म्हणायची. रक्ताच्या नळ्या ती बर्फाच्या बादलीत ठेवी, कारण हार्मोन मोडायच्या आत गाठायचं.

पहिल्या दिवशी नलिनीताईंनी मुठीने भात उचलला तेव्हा यामिनीने त्यांच्यापुढे वजनकाटा ठेवला. "आजवर मी फक्त पार्सल तोलून पाहिलं, तेही पोस्टात," त्या म्हणाल्या. पण शिकल्या. चार दाणे जास्त झाले तर चार दाणे काढायच्या. चमच्याने तूप घालताना श्वास रोखायच्या. शाळेत शिकवत होते तेव्हा मी वर्गात अशी मुलं पाहिली आहेत. उशिरा शाळेत आलेली, पाटीवर अक्षर काढताना जीभ बाहेर आलेली. त्यांचं अक्षर पुढे सगळ्यांत चांगलं होतं.

आणि त्यांच्या आग्रहाचा चक्क उपयोग झाला. भात शेवटी आला की भाजी-उसळीने पोट भरून गेलेलं असे, भात उतरत नसे. मीच चार घास ठेवले. नलिनीताई खांद्याशी आल्या. "बाई, शाळेत डबा संपवल्याशिवाय पोरांना उठू देत होता का?" मी मुकाट्याने संपवला. यामिनी दारातून बघत होती. ती म्हणाली, "काकू, तुम्ही नसता तर निम्मी ताटं बाद झाली असती."

मुरलीधर बोबडे यांची दुसरी खेप आली. (त्यांना विचारूनच त्यांचं नाव लिहिते आहे. "लिहा की, फोटोपण छापा," म्हणाले.) मुरलीधरभाऊ शॉपिंग सेंटरात सिक्युरिटीचं काम करतात. अंगाने भरलेले, बोलायला कमी. बायको पुष्पा गेल्यापासून टोस्ट आणि दुकानातलं तयार खाणं यांवर दिवस काढत होते. त्यांचा त्या दिवशी भात शेवटी होता. इतरांना भात जड जाई, यांनी मात्र तो संपवला, वरणाची वाटी बोटाने पुसली, बोट चाटलं आणि ताटाकडे बघत बसले.

ट्रेसी शेजारच्या खोलीत नळ्या लावत होती. मी पलीकडच्या खुर्चीत माझ्या पुढच्या नळीची वाट पाहत होते आणि पेपरात डोकं घातलेलं होतं. त्यामुळे मी काही पाहिलं नाही. एवढंच ऐकलं की मुरलीधरभाऊ म्हणाले, "नको वहिनी," आणि मग म्हणाले, "बरं."

काही आठवड्यांनी पहिल्या गटाचे निकाल आले. बहुतेकांची रेघ यामिनीला हवी होती तशी पडली होती: भात शेवटी घेतला की हार्मोन जास्त, साखरेची चढण कमी. एकाच माणसाची रेघ उलट होती. भात शेवटी घेतलेल्या दिवशीच साखर जास्त चढलेली, आणि तशीच वर रेंगाळलेली. यामिनीने यंत्र तपासलं, गणित तपासलं. उरला एकच संशय, नळ्यांची लेबलं. या माणसाच्या नळ्यांना दुसऱ्या कोणाची लेबलं लागली असतील तर त्या सकाळच्या सगळ्यांचीच शंका. तिने ती सकाळ बाद करायचं ठरवलं आणि पुढच्या आठवड्यापासून दुसरी नर्स मागायचं.

ट्रेसीने हे चहाच्या वेळी नलिनीताईंना सांगितलं. नेहमीसारखं मोठ्याने नाही. "आय रीड एव्हरी लेबल ट्वाइस, नॅल. एव्हरी सिंगल वन."

त्या दुपारी नलिनीताई मला गाडीतून घरी सोडत होत्या. नेहमीचं वळण न घेता त्या बीचकडे वळल्या आणि गाडी पार्किंगमध्ये लावून समोर पाण्याकडे बघत राहिल्या. सर्फबोर्ड घेतलेली दोन मुलं वाळूतून चालली होती.

"बाई, लेबलं बरोबर आहेत. मी त्यांना भात वाढला होता."

"किती?"

"एक डाव. मोठा. वर तूप." त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. "मी मनाशी म्हटलं, वजन स्वयंपाकघरात झालं. पंगतीत कसलं वजन? वाटी पुसून राहिले होते हो ते. माणूस माझ्यासमोर वाटी पुसतो आणि मी काट्याकडे बघू?"

त्यांनी गळ्यातलं कार्ड हातात घेतलं.

"बोलले तर हे जाईल. नाही बोलले तर ट्रेसी जाईल."

"मग?"

"मग काय. उद्या सकाळी बोलते. आज कार्ड घालूनच स्वयंपाक करते."

सकाळी मला त्यांनी सोबत नेलं, पण दाराशी थांबायला सांगितलं. दार उघडंच राहिलं. यामिनी कॉम्प्युटरपुढे बसली होती.

"यामिनी, लेबल चुकलं नाही. ताट चुकलं."

"म्हणजे?"

"मी मुरलीधरभाऊंना जास्तीचा भात दिला. वजन झाल्यावर."

यामिनीने खुर्ची वळवली. "काकू. का?"

"वाटी रिकामी होती."

"ती रिकामीच व्हायला हवी होती! तोच तर नियम!" यामिनीचा आवाज चढला. "एक डाव म्हणजे तो आकडा गेला, काकू. मी इथे आठवडाभर ट्रेसीवर... मी त्या बाईला काय काय बोलले माहितीये?"

"माहीत आहे. म्हणून तर आली."

यामिनी पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. मग म्हणाली, "मला हे वर कळवावं लागेल. मी लपवू शकत नाही."

"लपवू नकोच. लपवायचं असतं तर मी काहून आली असती?"

विभागाच्या मोठ्या बाईंनी दोन दिवसांनी नलिनीताईंना बोलावलं. दोन दिवस त्या घरी होत्या, आणि सुखदेवभाऊ सांगत होते की घरात इतकं बेचव वरण आजवर कधी झालं नव्हतं. मोठ्या बाई कडक होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, आणखी कोणाला जास्त वाढलंत? नलिनीताई म्हणाल्या, नो. मोठ्या बाई म्हणाल्या, मी हे कशावरून खरं मानू?

नलिनीताईंचं इंग्रजी तोडकं आहे, पण त्या दिवशी तोडकं पडलं नाही. त्या म्हणाल्या, "बिकॉज धिस वन आय टोल्ड यू."

हे मला यामिनीने सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा फुललेला होता की नलिनीताईंवर आवाज चढवणारी तीच होती हे मी क्षणभर विसरले.

नोकरी राहिली. अट अशी पडली की नलिनीताई रांधतील, तोलतील आणि ताट खिडकीतून ट्रेसीच्या हातात देतील. जेवणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ट्रेसीपाशी यामिनी स्वतः गेली आणि माफी मागून आली. त्यानंतर ट्रेसीने नलिनीताईंना गाठलं. "एका डावासाठी माझी नोकरी घालवणार होतीस, नॅल?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, म्हणजे अर्थातच तिच्या भाषेत. नलिनीताईंनी मान खाली घातली. ट्रेसी म्हणाली, "नो वरीज. पण मग मला तो भात कधी मिळणार?"

मुरलीधरभाऊंची खेप परत घ्यायची होती. त्या सकाळी मीही गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. नलिनीताईंनी ताट तोललं, खिडकीतून दिलं आणि खिडकी आतून लावून घेतली. दाराखालच्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते, खिडकीकडे पाठ करून उभे.

मुरलीधरभाऊ जेवले. भाजी, उसळ, कोशिंबीर, मग वरण-भात. वाटी पुसली. बोट चाटलं. आणि बंद खिडकीकडे पाहून हाक दिली, "वहिनी, थोडा भात?"

पाय हलले नाहीत. आतून आवाज आला, "रक्त देऊन व्हा आधी!"

ट्रेसीने पहिली नळी भरली, लेबल मोठ्याने दोनदा वाचलं आणि बर्फात ठेवली. मग पुढची. मधल्या वेळात मुरलीधरभाऊंना पेंग आली.

त्या नळ्यांचा निकाल यामिनीने पुढे नलिनीताईंना पडद्यावर दाखवला तेव्हाही मी होते. दोन रेघा होत्या, एकाच माणसाच्या. भात आधी घेतला त्या दिवसाची साखर आमच्या माउंट किरासारखी उभी चढलेली. भात शेवटी, त्या दिवशी नुसती टेकडी. आणि खाली तिसरी रेघ, हार्मोनची, टेकडीच्या दिवशी चांगली वर गेलेली. नलिनीताईंनी पडद्याला बोट लावून ती रेघ हळूहळू गिरवली. "हे ते पुरे म्हणणारं?"

"हो. एवढ्याने डायबेटिस जात नाही हं, काकू. एका ताटाची गोष्ट आहे. पण आवाज वाढलाय."

"आणि हे माझ्या ताटाने झालं."

"तुमच्या ताटाने."

नलिनीताई घरी आल्या आणि सुखदेवभाऊंना ती रेघ टेबलावर बोटाने काढून दाखवली, असं सुखदेवभाऊ मला कुंपणावरून सांगत होते. दोनदा सांगितलं. सांगताना त्यांच्या शर्टाची बटणं शांत होती.

पण मला सांगायचं आहे ते त्या परत घेतलेल्या सकाळचं. शेवटची नळी भरली. ट्रेसीने दंडावर कापूस दाबला आणि म्हणाली, "ऑल यूअर्स, नॅल." खिडकी उघडली नाही, दारच उघडलं. नलिनीताई मोठा डबा घेऊन बाहेर आल्या. सकाळी घरूनच गाडीतून आणला होता. विद्यापीठाच्या काट्यावर तो कधी चढला नव्हता. मुरलीधरभाऊंच्या पुढे ताट ठेवलं, ट्रेसीला बसवलं, मला बसवलं, यामिनीला कॉम्प्युटरपासून उठवून आणलं. आधी उसळ वाढली. मग वांगी. आम्ही ते खाईपर्यंत त्या डाव हातात धरून उभ्या राहिल्या, भाताच्या भांड्यावर झाकण तसंच. मग भात.

मुरलीधरभाऊंनी तो खाल्ला. नलिनीताई त्यांच्या डाव्या खांद्याशी गेल्या.

"पुरे, वहिनी," ते म्हणाले.

खोलीत सगळे थांबले. यामिनीचा घास हातात राहिला. नलिनीताईंनी मुरलीधरभाऊंच्या तोंडाकडे नीट पाहिलं, लाजतायत की खरंच, ते पाहावं तसं. मग डाव भांड्यात ठेवला आणि झाकण लावलं. पहिल्या "पुरे"ला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दोन पावलं मागे गेल्या, आणि वळल्या.

"ताक तरी घ्याल ना?"